‘घेऊन आला असेल’: केळीच्या पॅकहाऊसमधला एक उष्माघात

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर रस्त्यावरून थोडं आत वळलं की केळीच्या बागांच्या मधोमध एक पॅकहाऊस, म्हणजे केळी धुऊन बॉक्समध्ये भरायची शेड, लागतं. पत्र्याचं उंच छत, तीन बाजूंनी उघडं, मधे केळी धुण्याच्या टाक्यांची रांग, मागे माल गार करायची प्री-कूलिंगची खोली, पुढे रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर उभा राहील एवढं अंगण. मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात, पारा ४४-४५च्या घरात असताना, इथे बावीस-तेवीस वर्षांचा एक मजूर उष्माघाताने कोसळला. पंधरा पावलांवर काही हजार लिटर पाणी भरून ठेवलेलं होतं. तरी त्याच्या अंगावर पहिली बादली पडली ती पॅकहाऊसमध्ये पहिलं लक्षण दिसल्यानंतर तब्बल एक तासाने.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षेचं काम करतो. घटनेनंतर दहा दिवसांनी मालकाने मला बोलावून घेतलं, ‘काय चुकलं ते बघा’ म्हणून. मला बोलावण्यामागे आणखी एक कारण होतं. वर्षभरापूर्वी याच ठिकाणी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मीच देऊन आलो होतो. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. जागेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा मात्र मोबाईलवरच्या कॉलच्या नोंदी, गेटचं रजिस्टर आणि नऊ जणांशी झालेलं बोलणं यावरून जुळवल्या आहेत.

मुलगा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा, पावरा समाजातला. केळीच्या कामावर त्याचा तिसरा दिवस. काम घड वाहण्याचं. तोडणारा विळ्याने घड उतरवतो, वाहणारा तो खांद्यावरच्या गादीवर झेलतो आणि बागेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीपर्यंत नेतो. एक घड वीस-पंचवीस किलोचा. घड आपटला, घासला तर एक्सपोर्टच्या मालात चालत नाही, त्यामुळे चालायचं जपून आणि तरी झपाझप. टोळीला मजुरी बॉक्समागे मिळते. एक जण बसला की सगळ्यांचं नुकसान. त्यातून त्या दिवशी कंटेनर दोनच्या आत न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघायला हवा होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, केळीच्या बागेत सावली असते, तिथे कसलं ऊन लागतंय! मालकाचा पुतण्याही मला हेच म्हणाला. पण बागेत घटकाभर उभं राहून बघा. ठिबकने जमीन ओली, पानांचं दाट छत, वाऱ्याने झाडं पडू नयेत म्हणून कडेने लावलेली शेवरीची भिंत. वारा आत येत नाही आणि दमटपणा बाहेर जात नाही. अंग गार राहतं ते घाम सुकल्यामुळे. घाम नुसता निथळत राहिला तर त्याचा काही उपयोग नाही. उघड्या रानात ४४ अंशांत घाम निदान उडून तरी जातो, इथे तो बनियनमध्ये मुरतो. अशा जागी पंचवीस किलो खांद्यावर घेऊन सकाळी सहापासून फेऱ्या मारणाऱ्याच्या स्नायूंमध्ये जी उष्णता तयार होते, तिला बाहेर पडायला वाटच उरत नाही. डोक्यावर ऊन नसतानाही ऊन लागतं ते असं.

आदल्या रात्री त्याला तीन-चार जुलाब झाले होते. हे त्याच्या चुलतभावाला ठाऊक होतं, मुकादमाला नव्हतं. नवखा माणूस, अंगातलं पाणी आधीच कमी आणि कामाचा तिसरा दिवस. शरीराला उष्ण कामाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या सवयीत घाम लवकर आणि भरपूर यायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याच्या नोंदी सांगतात की कामावर उष्णतेने दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात दगावतात. म्हणून तिथे नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण दिवसाच्या वीस टक्केच द्यायचं आणि रोज वीस-वीस टक्क्यांनी वाढवायचं, अशी शिफारस आहे. आपल्याकडे उलटं चालतं. नवीन पोराला पहिल्याच दिवशी घड वाहायला लावतात, कारण जुने ते काम टाळतात.

आता वेळा. साधारण अकरा वाजता ट्रॉली पॅकहाऊसला आली. ११.०५ला त्याने टाकीमागे जाऊन उलटी केली. टाकीवर फण्या धुणाऱ्या एका बाईने ते पाहिलं. पन्नाशीची बाई, या कामात बारा वर्षं. तिने मुकादमाला सांगितलं, “हा पोरगा बरोबर दिसत नई भो.” मुकादम म्हणाला, “पाणी पिऊ दे, होईल बरा.”

११.२०च्या सुमाराला त्याने घड उतरवून टेबलाऐवजी थेट अंगणातल्या मातीत ठेवला. रागावलेल्या मुकादमाला उलट काहीतरी बोलला. ते काय होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण तो पावरी बोलत होता. मग भरकटल्यासारखा कंटेनरकडे चालत गेला, मधेच थांबला, आणि वजनकाट्यावर बसला. दोन-तीन जण हसले. मुकादम म्हणाला, “सकाळीच घेऊन आला असेल.”

या एका वाक्याने पुढची छत्तीस मिनिटं खाल्ली. कुणी त्याच्या तोंडाचा वास घेतला नाही. वास नव्हताच, कारण तो पीत नव्हता. पण पाड्यावरचा पोरगा अडखळतोय म्हटल्यावर कारण आधीच ठरलेलं असतं. हे मी मुकादमाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. त्या अंगणात त्या वेळी उभ्या असलेल्या जवळपास सगळ्यांना हेच वाटलं होतं, आणि मी तिथे असतो तर मलाही वाटलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. उष्माघाताची पहिली खूण मेंदूत दिसते. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, तोल जातो, भलतीच गोष्ट भलत्या जागी ठेवतो. बघणाऱ्याला हे सगळं दारूसारखंच दिसतं. फरक कळायला त्याची बोली येणारा माणूस हवा होता. तो चुलतभाऊ बागेत दुसरी ट्रॉली भरत होता. तो नंतर म्हणाला, दहा वाजल्यापासूनच हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि पावरीतही त्याचं बोलणं जुळत नव्हतं. त्याला विचारायला कुणी गेलंच नाही.

११.३०ला दोघांनी धरून त्याला लिंबाच्या झाडाखाली आडवं केलं. ‘झोपू द्या, उतरेल.’ तो झोपला असं सगळ्यांना वाटलं.

११.५२ला तीच बाई तांब्याभर पाणी घेऊन झाडाखाली गेली. हाक मारली, हलवलं, तो ओ देईना. तिने कपाळाला हात लावला आणि ओरडली. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाने निथळतही होतं. पुतण्या धावत आला. तो शिकलेला मुलगा, वाचलेलं लक्षात ठेवणारा. “ऊन लागलेल्याचं अंग कोरडं असतं, याला तर घाम आहे.” कोरड्या अंगाचं हे लक्षण खरं आहे, पण ते घरात उकाड्यात दिवसेंदिवस तापलेल्या म्हाताऱ्या माणसांचं. अंगमेहनतीने ज्याला उष्माघात होतो, त्याला कोसळताना घाम असणं अगदी नेहमीचं. मग पुतण्याने गेटवरून कोविडच्या दिवसांतली कपाळावर धरायची बंदूक आणली. तिने ३७.४ दाखवलं. ओल्या, घामट कपाळावर ती बंदूक काहीही दाखवते. शरीराच्या आत तापमान चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं आणि बाहेर आकडा निरोगी माणसाचा. ‘ताप नाही’ म्हणून पुन्हा तीन-चार मिनिटं गेली.

११.५६ला त्याला झटका आला. हातपाय ताठ, डोळे वर. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला, एकाने दात उघडायला चमच्याची दांडी आणली. चमचा तोंडात जाण्याआधी झटका संपला, हे त्याचं नशीब. झटक्यात तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, डोक्याला लागेल असं काही असेल तर बाजूला करायचं, आणि झटका ओसरला की कुशीवर वळवायचं. बस. कांदा, चप्पल, किल्ली यांनी झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला जातं.

१२.०१ला १०८ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, फोन लागला. या सेवेच्या गाडीत डॉक्टर असतो. जवळची गाडी दुसऱ्या कॉलवर होती, पोचायला अर्धा तास लागेल असं उत्तर मिळालं. इथे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, ‘गाडी काढा’. मालकाची गाडी सावद्याला गेलेली, पिकअपमध्ये दीडशे बॉक्स भरलेले. तिघे जण बॉक्स उतरवायला लागले.

आणि बाई म्हणाली, “टाकीत घाला त्याले.”

कुणी ऐकलं नाही. एक म्हातारबा म्हणाले, तापलेल्या अंगावर गार पाणी घातलं तर सर्दगरम होईल, लकवा मारेल. दुसऱ्याने सुचवलं, प्री-कूलिंगच्या खोलीत ठेवू, तिथे तेरा-चौदा अंश असतं. कल्पना वाईट नाही, पण हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी पटींनी भराभर ओढून घेतं, आणि बंद खोलीत बेशुद्ध माणसावर लक्ष ठेवणं अवघड. तिसऱ्याची शंका तर ऐकण्यासारखी होती: टाकीत तुरटी आहे. (केळीचा चीक निघावा म्हणून पाण्यात तुरटी टाकतात. तिने त्याचं काही बिघडलं नसतं.)

बाईचं वाक्य उचलून धरलं ते हिशेब लिहिणाऱ्या काकांनी. वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, तिथे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घेतलेले. ते वजनकाट्यापाशी बसून सगळं पाहत होते. मी विचारलं, “काका, तुम्ही आधी का नाही बोललात?” ते म्हणाले, “मुकादमाच्या कामात मी कशाला तोंड घालू, असं वाटलं.” बाई बोलली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि म्हणाले, “ती बरोबर सांगते. पण टाकीचा काठ कमरेच्या वर आहे, बेशुद्ध माणसाला उचलून आत घालताना पडेल. टाकीच त्याच्याकडे आणू.”

ट्रकवर टाकायची ताडपत्री आणली. त्याला तिच्यावर ठेवलं, शर्ट काढला, चौघांनी चार कोपरे वर धरले आणि मधे खोलगट झोळी झाली. एकाने त्याचं डोकं मांडीवर उंच धरलं, तोंड बाजूला वळवून, म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही. बाकीच्यांनी साखळी करून टाकीतलं पाणी बादल्यांनी आणि क्रेटला पिशव्या लावून त्या झोळीत ओतलं. पहिली बादली १२.०६ला. काकांनी एका पोराला मोटरसायकलवर रस्त्याकडच्या रसवंतीवर पिटाळलं. तो गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी घेऊन आला. ती फोडून झोळीत टाकली आणि दोघे जण पाणी हाताने ढवळत राहिले. हे ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर अंगाला लागून असलेलं पाणी गरम होऊन तिथेच बसतं.

पिकअप तोवर रिकामी झाली होती. ‘आता न्या’ असा गलका सुरू झाला. काका म्हणाले, गाडी येईपर्यंत इथेच. मला या प्रकरणात सगळ्यात धाडसाचा निर्णय हाच वाटतो. बेशुद्ध पोराला समोर ठेवून, दारात गाडी उभी असताना ‘नेऊ नका’ म्हणायला छाती लागते. वैद्यकाचा नियम मात्र हाच आहे: अंगमेहनतीच्या उष्माघातात आधी गार करा, मग हलवा. मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत किती वेळ चाळीसच्या वर राहिले, यावर माणूस कसा परत येतो ते ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर बहुतेक जण धड बरे होतात. बर्फाळ पाण्यात साधारण पाच मिनिटांना एक अंश उतरतो. उकळत्या पिकअपच्या हौद्यात तो उतरण्याऐवजी चढूही शकतो.

१२.२८ला त्याने डोळे उघडले. त्याच सुमाराला दुसरी ट्रॉली येऊन चुलतभाऊ पोचला होता. त्याने पावरीत नाव विचारलं, उत्तर बरोबर आलं. मुलगा कुडकुडायला लागला तसं काकांनी पाणी थांबवायला सांगितलं. कुणीतरी कैरीचं पन्हं आणलं होतं, ते काकांनी बाजूला ठेवायला लावलं. नुकताच शुद्धीवर येणाऱ्याला तोंडाने काही द्यायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. पुतण्याने तापाची गोळी काढली होती, तीही नाही. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही, कारण हा ताप मेंदूने चढवलेला नसतो. उलट आधीच भाजलेल्या यकृतावर तिचा भार.

१२.४१ला १०८ आली. डॉक्टरांनी झोळी बघितली आणि “कोणी केलं हे?” एवढंच विचारलं. मग सलाईन आणि रुग्णालय. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. तापलेले स्नायू फुटतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडात साचतो. आठ दिवस दवाखान्यात काढले, डायलिसिसपर्यंत गेलं नाही. महिनाभर उन्हातलं काम बंद.

माझ्याविषयी

आता माझं प्रशिक्षण. वर्षभरापूर्वी मी इथे आलो तेव्हा दोन तास बोललो. जखमेला पट्टी, हाड मोडलं तर खपच्या, साप चावला तर काय, छातीवर दाब कसा द्यायचा, आग विझवायचं नळकांडं कसं वापरायचं. उष्माघातावर एकही स्लाईड नव्हती. रावेर तालुक्यात, एप्रिल महिन्यात! ते स्लाईड मी मुंबईच्या एका रासायनिक कारखान्यासाठी बनवले होते आणि तसेच फिरवत होतो. शिवाय ऐकायला होते मालक, पुतण्या, मुकादम, दोन सुपरवायझर. टाकीवरच्या बायका काम करत होत्या. ‘त्यांना कशाला, माल खोळंबेल’ असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान हलवली.

प्रथमोपचार पेटी मी तपासली. व्यवस्थित होती. बँडेज, कापूस, जंतुनाशक, सगळं मुदतीतलं. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ४५ने दर दीडशे कामगारांमागे एक पेटी आणि तिच्यासाठी एक प्रमाणपत्रधारक जबाबदार माणूस मागितला होता. आपण केळीवाले, आपल्याला कसला कारखान्याचा कायदा, असं इथे अनेकांना वाटतं. पण त्या कायद्यातल्या ‘उत्पादन प्रक्रिये’च्या व्याख्येत धुणं आणि पॅकिंग हे दोन्ही शब्द होते, आणि इथे दिवसभर तेच चालतं. पेटी मुकादमाच्या नावावर होती. काकांकडे प्रमाणपत्र आहे हे मालकाला ठाऊकच नव्हतं. आणि पेटीत जे होतं त्यातलं काहीच त्या दिवशी लागलं नाही. लागली ती ताडपत्री, बादल्या आणि रसवंतीचा बर्फ.

मुकादमाशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण साहेब, तो खरंच पिऊन आला असता तर?”

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर आम्ही आता भिंतीवर लावलंय: तरीही हेच करायचं. प्यायलेल्या माणसालाही ऊन लागतं, आणि लवकर लागतं, कारण दारूने अंगातलं पाणी जातं. हाकेला ओ न देणारा माणूस झोपलेला समजायचा नाही, एकटा सोडायचा नाही. कारण नंतर शोधता येतं.

बदल फार मोठे नाहीत. मेमध्ये तोडणी पहाटे पाचला सुरू आणि साडेदहाला बंद. नवीन माणूस पहिला आठवडा पॅकहाऊसमध्ये बॉक्सवर, घड वाहायला नाही. ताडपत्री टाक्यांपाशी घडी करून, ट्रकवर जाणार नाही अशी. थर्माकोलच्या खोक्यात रोज बर्फ. टोळीतल्या ज्याला जी बोली येते, त्याने त्याच बोलीत नाव, गाव आणि वार विचारायचा, उत्तर चुकलं की पाणी. आणि टाकीवरची कुणीही बाई ‘थांबा’ म्हणाली की काम थांबणार. हे शेवटचं कागदावर आणायला मालकाला दोन बैठका लागल्या.

जूनमध्ये मी पुन्हा प्रशिक्षण घेतलं, यावेळी काम बंद ठेवून, सगळ्यांना समोर बसवून. ताडपत्रीची झोळी तिघींनी करून दाखवली. शेवटी मी विचारलं, कुणाला काही शंका? तीच बाई उठली. म्हणाली, त्या दिवशी या सगळ्यात आमचा दीड तास गेला, त्या वेळचे बॉक्स कुणाच्या नावावर पडले नाहीत. उद्या ‘थांबा’ म्हटलं तर पुन्हा आमचीच मजुरी कापणार का?

मालक काही बोलले नाहीत. काकांनी वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं आणि त्यांच्यासमोर सरकवलं. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी झालेल्या हिशेबात ते बॉक्स धरले गेले.